पायाचा कागद

नकार चार मिनिटांत आला.

"चार," शंकासुराने जाहीर केलं. "मागच्या कंपनीला सहा लागली होती. प्रगती आहे."

शेजारच्या टेबलावर बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "चार मिनिटांत कोण वाचतं हो एवढा मोठा अर्ज?"

"कुणीच नाही. दुसऱ्या पानावर एक प्रश्न असतो. आमच्या देशात काम करायला तुम्हाला कंपनीने व्हिसा काढून द्यावा लागेल का? तिथे 'होय' दिसलं की मशीन पुढचं पान उलटायचेही कष्ट घेत नाही."

"मग 'नाही' म्हणा की."

"आणि विमानातून उतरल्यावर काय सांगू? हवापालट करायला आलोय?"

बाई हसल्या, तोही हसला. हा दोनशे अकरावा नकार होता, आणि गेलं वर्षभर तो एकेक नकार असाच चहाच्या घोटाबरोबर खाली ढकलत आला होता.

शंकासुर हे नाव त्याला ऑफिसने दिलेलं. त्यांची कंपनी दवाखान्यांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम बनवायची, आणि इतरांनी बनवलेल्यात खोड काढण्याचा पगार याला मिळायचा. टेस्टर म्हणतात त्याला. रुग्णाचं वय उणे पाच टाकून बघायचं, जन्मतारीख एकतीस फेब्रुवारी लिहायची, पुरुषाला बाळंतपणासाठी दाखल करायचं, आणि प्रोग्रामने निमूटपणे 'नोंद झाली' म्हटलं की तो बनवणाऱ्याला घाम फोडायचा. एकदा कुणीतरी चाचणीपुरता बनवलेला 'गोट्या गोटे' नावाचा खोटा रुग्ण खऱ्या यादीत तसाच राहून गेला. एका दवाखान्यातली नर्स बिचारी आठवडाभर रोज सकाळी बाहेर येऊन गोट्याच्या नावाने हाका मारत होती. तेव्हा शंकासुराने सगळ्यांना गोळा करून सुनावलं होतं, "चाचणीचा माल चाचणीतच मेला पाहिजे. खरं काम सुरू करण्याआधी एकेक ओळ तपासा." बाईंनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून त्याच्याच टेबलासमोर चिकटवलं होतं. ते अजून तिथेच होतं.

घरी त्याची सात वर्षांची मुलगी होती, जिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि सासरे होते, अप्पा. बायको घरी नव्हती. म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या तिकडच्या एका संस्थेत ती नर्स होती, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. जायचं ठरलं तेव्हा नियम असा होता की सहा महिन्यांत नवऱ्याला आणि मुलांना बोलावून घेता येतं. ती निघायच्या तीन आठवडे आधी नियम बदलला. तोवर तिची इथली नोकरी सुटली होती, कागदांवर सह्या झाल्या होत्या, आणि काहीतरी मार्ग निघेल असं दोघांनी एकमेकांना सांगितलं होतं. आता पाच वर्षं भरेपर्यंत तिला कुणालाच बोलावता येत नव्हतं. मधेच सोडून आली तर झालेली वर्षं पाण्यात.

मार्ग एकच उरला होता. संगणकाच्या कामावर जाणाऱ्याला आपलं मूल सोबत नेता येत होतं. शंकासुराला तिकडच्या एखाद्या कंपनीने व्हिसा काढून बोलावलं, की भिंगरी त्याचं बोट धरून आईकडे जाणार होती. हे सगळं पुढच्या दोन महिन्यांत व्हायला हवं होतं. दोन महिन्यांनी त्याला पंचेचाळीस पूर्ण होत होती, आणि त्या वयापुढच्या नव्या माणसाला तिकडे दार उघडत नसत.

शनिवारी बुटांचं पार्सल आलं. भिंगरीने खुर्चीवर बसून पाय आत घालायचा प्रयत्न केला. टाच बाहेरच राहिली.

"बोटं दुमडली की बसतो," ती म्हणाली.

"बोटं दुमडून चालणार कशी?"

"हळूहळू."

दर चार-सहा महिन्यांनी हे असंच व्हायचं. कागदावर भिंगरीने पाय ठेवायचा, बापाने भोवती पेन्सिल फिरवायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो तिकडे पाठवायचा. आई तो मापात छापून कात्रीने कापायची आणि कागदाचा पाय घेऊन दुकानात जायची. पण तिला सुट्टी मिळून दुकानात जायला तीन आठवडे, पार्सल यायला पाच, आणि पाय काही कुणाच्या रजेसाठी थांबत नाही. बूट इथेही कोपऱ्यावर मिळत होते. पण मुलीच्या पायातलं आपण घ्यायचं, हा एकच हट्ट आईने धरला होता, आणि तो मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. कपाटाच्या खालच्या खणात न वापरलेल्या बुटांचे चार जोड ओळीने उभे होते.

"पाचवा," अप्पा म्हणाले. "आता आणखी एक आला की दुकान टाकू. जावईबापू गल्ल्यावर." अप्पांनी आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. बायको गेली, मग लेक परदेशी निघाली, तेव्हा नातीसाठी ते जावयाच्या घरी येऊन राहिले. यावर लोक काय म्हणत असतील ते स्वतःच आधी म्हणून टाकायची त्यांना सवय होती.

त्या दुपारी शंकासुराने एक लहानसा प्रोग्राम लिहिला. दोनशे अकरा अर्ज हाताने भरून त्याची बोटं आणि उमेद दोन्ही झिजली होती. हा प्रोग्राम नोकऱ्यांच्या जाहिराती स्वतः शोधून अर्ज स्वतः भरणार होता. सवयीप्रमाणे त्याने आधी चाचणी घेतली. पण व्हिसाच्या प्रश्नाला 'होय' म्हटलं की कित्येक अर्जांची पुढची पानं उघडतच नव्हती, आणि पानं उघडलीच नाहीत तर ती नीट भरली जातात की नाही हे दिसणार कसं? म्हणून त्याने चाचणीपुरतं तिथे 'नाही' घातलं. कुठेही न पाठवता नुसते भरून पाहिले. सगळं सुरळीत होतं. सोमवारी रजा घेऊन एकेक ओळ तपासू आणि मगच खरं सुरू करू, असं ठरवून तो उठला.

रविवारी चारला तिचा फोन आला. तिकडे सकाळ होती. भिंगरी केस विंचरून फोनसमोर ताठ बसली.

"बूट कसे झाले गं?" आईने विचारलं.

"छान झाले."

"घालून दाखव ना."

"ते... ओले आहेत." सात वर्षांची पोर आईला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली, आणि बापाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग काय बोलावं ते न सुचून भिंगरीने हात मांडीवर जुळवले आणि घरी आलेल्या पाहुण्यांना विचारतात तसं नीट विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

"हो, जेवले," आई म्हणाली. मग म्हणाली, "नेटवर्क जातंय बहुतेक," आणि पडद्यावरचा तिचा चेहरा गेला. अप्पांनी उठून उगाच पंखा बंद केला आणि पुन्हा लावला.

"अगं, आईला कुणी तुम्ही म्हणतं का?" शंकासुराने मुलीला जवळ घेऊन विचारलं.

"चुकलं का? फोनवरच्या मोठ्या माणसांना म्हणतात ना?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. पाच वर्षं भरायला अजून दोन बाकी होती. आत्ताच आई 'तुम्ही' झाली होती. आणखी दोन वर्षांनी ती कोण होणार होती? सोमवारची वाट बघण्याइतकं त्राण त्याच्यात राहिलं नाही. तो तडक टेबलाशी गेला आणि प्रोग्राम सुरू करून दिला. भिंगरीचं जेवण होईपर्यंत दीडशे कंपन्यांकडे अर्ज गेले होते.

बुधवारपर्यंत मुलाखतीला बोलावणारी नऊ उत्तरं आली. वर्षभरात एक नाही, आणि तीन दिवसांत नऊ. शंका यायला हवी होती. पण हवं तेच घडायला लागलं की माणूस शंकेला बाहेर चपलांपाशी बसवून ठेवतो, आणि शंकासुर झाला तरी माणूसच. जास्त अर्ज केले म्हणून जास्त उत्तरं आली, एवढं सोपं उत्तर त्याने स्वतःला दिलं आणि स्वतःच मान्य केलं.

नवातली एक कंपनी लहान होती. बसच्या वेळा दाखवणारा प्रोग्राम बनवायची. त्यांची टेस्टरांची प्रमुख एक तुटक बोलणारी बाई होती, जिच्या मागच्या खुर्चीवर मुलाखतभर एक कुत्रं झोपलेलं असायचं. तिने त्याला आपला प्रोग्राम दिला आणि दोन तासांत चुका काढायला सांगितल्या. त्याने एकतीस काढल्या.

"आणि बत्तिसावी तुमच्या सूचनेत आहे," तो तिच्या भाषेत जपून म्हणाला. "दोन तास दिलेत म्हणता, पण हे पान एका तासाने आपोआप बंद होतं. मी दोनदा उघडलं."

बाई इतक्या मोठ्याने हसली की कुत्रं उठून बसलं. तिसऱ्या मुलाखतीच्या शेवटी तिने सरळ सांगितलं, "मला तूच हवा आहेस. कागद ऑफिसकडून येतील."

त्या दिवशी रविवार नव्हता, तरी त्याने बायकोला फोन लावला. ती कामावर होती. बातमी ऐकून ती कपडे ठेवायच्या खोलीत गेली, दार लावलं, आणि चादरींच्या ढिगावर बसून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "ऐक. आता पाय काढून पाठवू नकोस. तिला घेऊनच दुकानात जाते मी. तिथे एक खुर्ची असते, पोरं त्यावर बसतात आणि आया खाली बसून बूट घालतात. मी दर वेळी बघते."

पुढचा आठवडा घर जमिनीवर नव्हतं. बायकोने खिडकी असलेली मोठी खोली बघितली. तिच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना भिंगरीचा फोटो पाठ झाला. भिंगरी आईच्या फोनची वाट न बघता स्वतः फोन लावायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी कधीतरी 'तुम्ही' गळून 'तू' झालं. कुणी तिला शिकवलं नव्हतं. अप्पांनी जावयाची बॅग माळ्यावरून काढून पुसली.

"अप्पा, तुम्ही एकटे कसे राहाल?" शंकासुराने विचारलं.

"मी लिफ्टवाला माणूस. लोकांना वर पोचवायचं आणि आपण खाली यायचं, जन्मभर तेच केलं. तुम्ही निघा."

मंगळवारी ऑफिसात पत्र आलं. त्याने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं आणि दोघं मिळून वाचायला लागली. पद, कामाचे तास, रुजू होण्याची तारीख, सगळं होतं. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं: अर्जात कळवल्याप्रमाणे आपल्याला व्हिसाची गरज नाही, तरी आपल्या इथल्या वास्तव्य परवान्याची प्रत जोडावी.

"कळवल्याप्रमाणे?" बाई म्हणाल्या. "तुम्ही असं कळवलंय?"

त्याने प्रोग्राम उघडला. शोधावं लागलंच नाही. सतराव्या ओळीत, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, 'नाही'. दीडशे अर्जांत दीडशे वेळा. दुसऱ्या कुणाच्या कामात ही चूक त्याला मिनिटभरात दिसली असती. समोर त्याचंच वाक्य चिकटवलेलं होतं. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्या हळूच उठून आपल्या जागेवर गेल्या.

दोन दिवस त्याने घरी तोंड उघडलं नाही. या दोन दिवसांत त्याच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगायला हवं. परवान्याची प्रत बनवता येते, हे त्याच्या मनात आलं. बायकोच्या परवान्यावरचं नाव बदलायला संगणकावर दहा मिनिटंही लागणार नाहीत, हेही आलं. त्याने तिच्या परवान्याचा फोटो उघडलाही. वरच्या कोपऱ्यात तिचा छोटा चेहरा होता, तीन वर्षांपूर्वीचा. पकडलो गेलो तर हिचाही परवाना जाईल, या विचाराने त्याने तो घाईघाईने बंद केला. भला माणूस म्हणून तो थांबला की घाबरून थांबला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी त्याने कुत्र्यावाल्या बाईला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"तुझी बायको इथेच आहे ना?" शेवटी तिने विचारलं. "मग तिच्यामुळे तुला परवाना मिळाला असेलच. असेल ना?"

तिच्या आवाजात आशा होती. एक 'हो' म्हटलं असतं तर निदान आजचा दिवस ढकलला गेला असता.

"नाही," शंकासुर म्हणाला. "तिच्या व्हिसावर मला येता येत नाही. व्हिसा तुम्हाला काढावा लागेल."

"आम्हाला बाहेरून माणसं आणायची परवानगीच नाही. लहान कंपनी आहे. मागितली तरी वर्ष जाईल."

"माझ्याकडे सहा आठवडे आहेत."

मग तो म्हणाला, "तुमच्या अर्जात हा प्रश्न एकदाच विचारलाय. शेवटी पुन्हा विचारायला हवा. माझ्यासारख्याची घाई तिथे पकडली जाईल. ही तेहतिसावी समजा."

"लिहून घेते," बाई म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

उरलेल्या आठ कंपन्यांनाही त्याने खरं काय ते लिहून पाठवलं. पहिला नकार चार मिनिटांत आला.

बायकोला सांगायचं काम उरलं होतं. शुक्रवारी अप्पा भिंगरीला घेऊन खाली गेले, कारण जावयाचा चेहरा त्यांनी केव्हाच वाचला होता. त्याने फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"एकेक ओळ तपासा म्हणून लोकांना ओरडतोस तू," ती एवढंच म्हणाली.

"हो."

"मग कसं राहिलं? कधी केलंस तू हे?"

त्या रविवारचे मांडीवर जुळवलेले दोन छोटे हात त्याला दिसले. त्याने गेल्या दोन दिवसांत सगळ्यांना सगळं खरं सांगितलं होतं. हे एक सांगायचं नाही असं त्याने ठरवलं.

"आठवत नाही," तो म्हणाला. "मधल्या वारी कधीतरी. ऑफिसातून आलो होतो, दमलो होतो."

"मी त्या खोलीला हो म्हणून बसले होते रे," ती म्हणाली. त्याला तिच्याकडच्या घंटीचा आवाज ऐकू आला. कुणीतरी म्हातारं माणूस तिला बोलावत होतं. "जाते," ती म्हणाली.

भिंगरीला कुणी काही सांगितलं नाही. कसं सांगायचं ते अप्पांनाही सुचेना, आणि त्यांना सहसा सगळं सुचायचं. रविवारी सकाळी बायकोचा निरोप आला. दोनच शब्द होते: पाय पाठव.

शंकासुराने कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं, आणि जमिनीवर बसून हाक मारली. भिंगरी धावत आली. कागद बघून थांबली.

"आई म्हणाली होती, आता काढायचा नाही."

"म्हणाली होती."

तिने बापाकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या अप्पांकडे. अप्पांनी नजर वळवली. माळ्यावरून उतरवलेली बॅग अजून कोपऱ्यात होती, तिच्याकडेही तिने एकदा बघितलं. मग तिने मोजा काढला, कागदावर पाय ठेवला आणि तोल जाऊ नये म्हणून बापाच्या डोक्यावर हात टेकला.

त्याने टाचेपासून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. करंगळी झाली, मधली बोटं झाली, अंगठ्याशी रेघ वाकडी गेली. ती खोडून त्याने पुन्हा काढली.

"बाबा, थोडा मोठा काढ," भिंगरी वरून म्हणाली. "येईपर्यंत वाढतो."

"किती मोठा?"

तिने थोडा विचार केला.

"खूप."

त्याने पहिली रेघ तशीच ठेवली आणि तिच्या बाहेरून, बोटभर जागा सोडून, दुसरी काढायला घेतली. भिंगरी पाय न हलवता उभी राहिली.